शून्य का नाही

अंबादास बिटला, वय अठ्ठावन्न,
राहणार साखर पेठ.
"पेठच साखरेची, मॅडम, सोडून जाऊ कुठं?"
हा विनोद त्यांनी मला नऊ वेळा ऐकवला
आणि नऊही वेळा मी हसले नाही.

तेव्हा माझ्याकडे एक तक्ता होता.
भात लाल रंगात, भाकरी हिरव्या.
मी बोट ठेवून सांगायचे, ते मान हलवायचे
आणि तीन महिन्यांनी रिपोर्टातला आकडा
होता तिथून आणखी वर.
चाळीस वर्षं मागांपाशी काढलेल्या माणसाला
ऐकू कमी येतं,
हे मला फार उशिरा कळलं.
ते माझे ओठ वाचायचे.
ओठांवर काय दिसत असेल त्यांना:
करा, करू नका, सांगितलं होतं ना.

मग मी तक्ता ड्रॉवरमध्ये टाकला.
खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली.
प्रश्न विचारा आणि थांबा, असं प्रशिक्षणात होतं.
थांबायचं कसं, ते नव्हतं.
आपला पंखा एवढा वाजतो
हेही त्या दिवशीच ऐकलं.

"रात्रपाळीचं सांगा."
"काय सांगू. चार माग, एक माणूस.
दोनला डोळा लागतो.
डोळा लागला की धागा तुटतो, माल खराब, पगार कट.
मालक चहा पाठवतो. फुकट असतो. गोड असतो.
सहा होतात. कधी सात."
"म्हणजे चहा तुम्हाला जागं ठेवतो."
"ठेवतो."
मग बऱ्याच वेळानं,
"अन् पायाला झोपवतो."

हे माझ्या तक्त्यावर होतं,
खालून तिसरी ओळ, बारीक अक्षरात.
शंभरदा वाचून दाखवली असेल.
ती खरी आहे
हे त्यांच्या तोंडून मला समजलं.

"शून्य ते दहा," मी विचारलं,
"चहाचं काहीतरी करावं, असं किती वाटतं?"
त्यांनी हात वर केला.
एक बोट मागानं कधीच घेतलेलं,
म्हणून विचारून घेतलं: "तीनच ना?"
"तीनच."

फक्त तीन? हे जिभेवर आलं होतं.
गिळलं.
"शून्य का नाही?"

ते भिंतीकडे बघत राहिले.
"पांढरा टॉवेल होता. ऑर्डरचा.
पायाशी थप्पी, वरच्यावर लाल ठिपका.
म्हटलं, रंग कुठला पडला?
वर बघितलं. बाजूला बघितलं.
पायाकडे सगळ्यात शेवटी.
कांडीचा तुकडा तळव्यात. कधी घुसला, काय की.
मला नाही समजलं, ओ.
टॉवेलला समजलं."

मी गप्प राहिले.
यात कौशल्य काही नव्हतं,
सुचलंच नाही.

"घरी बोललो नाही. नरसव्वा रडत बसंल.
पोरगा म्हणंल, बसा आता घरी.
घरी काय करू?
घरी आवाजच नाही."

पंखा.
बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं.

"चारचा चहा," ते एकदम म्हणाले,
"तेवढा बिनसाखरेचा चालंल.
दोनचा नाही. दोनचा लागतो."
"चारचा," मी म्हणाले.
"चारचा."

दारात त्यांनी चपलेत आधी हात घातला,
आत चाचपलं, मग पाय.
हे मी सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं,
त्या तक्त्याच्या दिवसांत?
वळून पेठेचा विनोद केला, दहाव्यांदा,
आणि मला हसू आलं, कसलं कुणास ठाऊक.

रजिस्टरात रकाना आहे:
सल्ला दिला, हो / नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
शनिवारी साहेब विचारतील.
तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं:
सल्ला नाही दिला, साहेब.
चारचा चहा मिळाला.